मिठाच्या पाण्यातलं कापड आणि डोक्यावरचा इलेक्ट्रोड : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "मटेरियल कोणतं घेऊ? ग्राफीन घेऊ की एमएक्सीन?" विषय असतो अंगावर घालून हिंडता-फिरता मेंदूची विद्युत-नोंद घेणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे वेअरेबल ईईजीचा. प्रश्न चुकीचा नाही. पण तो रांगेतला चौथा प्रश्न आहे, आणि आपण तो पहिला विचारतो. आधीचे तीन कोणते हे पाठ्यपुस्तकात एका जागी सापडत नाहीत. इतिहास वाचला की सापडतात. म्हणून आज इतिहास.

आधी आकडे डोक्यात पक्के करून घ्या. मेंदूच्या पेशींची विद्युत हालचाल कवटी आणि त्वचा ओलांडून वर येईपर्यंत साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट उरते. हृदयाचा ईसीजी साधारण १ मिलिव्होल्टचा असतो. टॉर्चमधला सेल १.५ व्होल्टचा. १५ मायक्रोव्होल्टची लहर म्हणजे त्या सेलचा एक लाखावा भाग. आणि ही लहर पकडायची कुठे, तर केस, तेल, घाम आणि मेलेल्या पेशींचा कोरडा थर असलेल्या डोक्यावर. त्वचेचा हा सगळ्यात वरचा थर जाडीला १० ते २० मायक्रोमीटरच असतो, पण विजेला अडवण्यात पटाईत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शरीरात वीज वाहते ती आयनांमधून : सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड. तारेत वाहते ती इलेक्ट्रॉनमधून. दोघांचे रूळ वेगळे. आपल्या यवतमाळवाल्यांना हे समजवायला वेगळी उपमा शोधावी लागत नाही, आपली शकुंतला आहे ना! यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ती नॅरोगेजची गाडी, किलिक निक्सन कंपनीने कापसासाठी टाकलेली. यवतमाळहून निघालेली रुईची गाठ तशीच्या तशी मुंबईला जाऊ शकत नव्हती. मूर्तिजापूरला छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावी लागायची. इलेक्ट्रोड म्हणजे ते मूर्तिजापूर. माल इथे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जातो. हमाली नीट झाली तर गाडी वेळेवर, नाही तर फलाटावर गाठींचा ढीग लागतो. विद्युत-रसायनशास्त्रात या ढिगाला ध्रुवीकरण म्हणतात. धातूच्या पृष्ठभागावर प्रभार साचतो, पलीकडे जात नाही, आणि इलेक्ट्रोड संधारित्रासारखा वागू लागतो.

आता इतिहासाकडे वळू.

हा ढीग लागतो हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच कळलं होतं. बर्लिनमध्ये एमिल दु ब्वा-रेमों बेडकाच्या स्नायूतली आणि मज्जातंतूतली वीज मोजत होते. साधी धातूची तार लावली की मोजमाप सुरू असतानाच बदलायचं. मग जस्त, जस्ताच्याच सल्फेटचं द्रावण, आणि ऊतीला टेकायला मिठाच्या पाण्यात मळलेली चिकणमाती असा इलेक्ट्रोड वापरात आला. जस्त द्रावणात विरघळतं आणि द्रावणातून परत जस्तावर बसतं, त्यामुळे दोन्हीकडची हमाली सुरळीत राहते. माती मधे का? तर जस्ताचं सल्फेट जिवंत ऊतीला मारक ठरतं. म्हणजे बघा, रसायन, यांत्रिक स्पर्श आणि शरीराला होणारी इजा हे तिन्ही प्रश्न तेव्हाच टेबलावर होते. आजच्या शोधनिबंधाच्या प्रस्तावनेतही हेच तीन असतात, फक्त शब्द इंग्रजी आणि लांबलचक.

१८७५ मध्ये लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी ससे आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर असेच ध्रुवीकरण न होणारे इलेक्ट्रोड ठेवून गॅल्व्हानोमीटरची सुई हलताना पाहिली. माणसाच्या बाबतीत मात्र पन्नास वर्षं थांबावं लागलं.

६ जुलै १९२४ रोजी जर्मनीतल्या येना गावात हान्स बर्गर यांनी एका १७ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून पहिली नोंद मिळवली. शस्त्रक्रियेमुळे त्या मुलाच्या कवटीचं हाड एका जागी काढलेलं होतं, त्यामुळे मधला एक अडसर कमी होता. निबंध छापला तो १९२९ मध्ये. पाच वर्षं हा माणूस काय करत होता? हा भाग मी तुम्हाला सावकाश वाचायला सांगेन, कारण संशोधन पद्धतीच्या पेपरला तुम्ही 'नियंत्रित प्रयोग' याची जी व्याख्या पाठ करता, ती इथे प्रत्यक्षात दिसते.

बर्गर यांना स्वतःचीच खात्री नव्हती. ही थरथर मेंदूचीच आहे कशावरून? नाडीची असेल, रक्तवाहिन्यांची असेल, डोळ्यांची असेल, नुसत्या त्वचेची असेल. म्हणून त्यांनी इलेक्ट्रोड बदलून बदलून पाहिले. मातीचे पाहिले. जस्ताचा मुलामा दिलेल्या सुया त्वचेखाली हाडापर्यंत नेल्या, म्हणजे त्वचेचा संशय काढून टाकता येईल. पुढे चांदीच्या, क्लोराइडचा थर दिलेल्या सुया आल्या. आणि अखंड डोक्यावर लावण्यासाठी शिशाचा किंवा चांदीचा पातळ पत्रा, त्याखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फ्लॅनेलचं कापड, वरून रबरी पट्टी. एक कपाळावर, एक डोक्याच्या मागे. स्वतःच्या मुलाच्या, क्लाउसच्या डोक्यावर त्यांनी कितीतरी नोंदी घेतल्या. सामग्री बदलली तरी लहर तीच येते, हा त्यांचा पुरावा होता. एका इलेक्ट्रोडची बढाई मारण्यासाठी त्यांनी दुसरा आणला नाही. आपण 'तुलनात्मक अभ्यास' म्हणून जो तक्ता भरतो, त्यात ही भूमिका फार क्वचित असते, हे माझं मत.

तरीही लोकांनी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजचे एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तीच लहर मिळवून दाखवली, तेव्हा कुठे बर्गर यांच्याकडे जगाचं लक्ष गेलं.

इथे एक बारकी पण कामाची गोष्ट. बर्गर यांनी इतका मोठा पत्रा आणि इतकं ओलं कापड का वापरलं? कारण त्यांच्याकडे तंतू-गॅल्व्हानोमीटर होता, जो आइंथोव्हेन यांनी ईसीजीसाठी तयार केला आणि ज्यासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. (आइंथोव्हेन यांच्या ईसीजीत रुग्ण हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसायचा. तोही इलेक्ट्रोडच!) हे यंत्र चालण्यासाठी स्वतः शरीरातून थोडी वीज ओढायचं. वीज ओढली जाणार म्हणजे वाटेतला रोध कमी हवा, ध्रुवीकरण नको, पृष्ठभाग मोठा हवा. मापनयंत्र जसं, तसा इलेक्ट्रोड. पुढे निर्वात नळ्यांचे प्रवर्धक आले, मग ट्रान्झिस्टर, मग फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर. प्रवर्धकाचा प्रवेशरोध इतका वाढला की शरीरातून वीज जवळजवळ ओढलीच जात नाही. त्यानंतरच चिमुकले, आणि शेवटी कोरडे इलेक्ट्रोड शक्य झाले. कोरड्या इलेक्ट्रोडच्या यशाचं निम्मं श्रेय मटेरियलवाल्यांचं नाही, सर्किटवाल्यांचं आहे. हे आपल्या विभागात मोठ्याने बोलू नका.

१९२४ वरून आठवलं. त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं, योगाला प्रयोगशाळेत तपासायचं म्हणून. त्याच वर्षी मुंबईत माटुंग्याला कापसाची तंत्रज्ञान प्रयोगशाळा उभी राहिली, जिला आज आपण सिरकॉट म्हणून ओळखतो. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. निव्वळ योगायोग आहे, यातून अर्थ काढू नका. पण पुढे या लेखात तिन्ही धागे येणार आहेत.

चांदी का जिंकली

१९३५ च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट ग्रास यांनी बोस्टनच्या गिब्स यांच्यासाठी ईईजी यंत्रं बनवली, रुग्णालयांत ईईजी रुळू लागलं, आणि इलेक्ट्रोड म्हणजे एक छोटी धातूची वाटी हे चित्र ठरून गेलं. १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी १०-२० पद्धत मांडली : नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजायचं, त्याच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा करायच्या. डोकं लहान असो वा मोठं, खूण सारखीच. आजच्या टोप्यांवरची भोकं याच हिशोबाची.

वाटी सोन्याची, कथलाची, कशाचीही असते, पण कसोटीला उतरली ती चांदी, तीही सिल्व्हर क्लोराइडचा थर दिलेली. कारण रसायनात आहे. चांदीचा अणू क्लोराइड आयन घेतो, सिल्व्हर क्लोराइड होतो, एक इलेक्ट्रॉन तारेला देतो. उलट दिशेने हेच उलटं. आणि क्लोराइड तर घामातही आहे, जेलमध्येही आहे, शरीरातही आहे. मूर्तिजापूरचे हमाल दोन्ही भाषा बोलणारे निघाले.

हा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येतो. चांदीची तार, मिठाचं पाणी, १.५ व्होल्टचा सेल. चांदी धन टोकाला जोडा, दुसरी तार ऋण टोकाला. थोड्या वेळात चांदी जांभळट-करडी होते. तो थर म्हणजे सिल्व्हर क्लोराइड. उजेडात ठेवलं तर आणखी काळवंडतं. आजीचे पैंजण काळे पडतात ते मात्र वेगळं प्रकरण, ते गंधकामुळे होणारं सल्फाइड. आणि प्रयोगासाठी पैंजणाला हात लावू नका, घरी उत्तर देता येणार नाही.

आता एक आकडा पाहा, जो मुलाखतीत विचारला जाऊ शकतो. या इलेक्ट्रोडचा प्रमाण विभव सुमारे ०.२२ व्होल्ट आहे. म्हणजे २,२०,००० मायक्रोव्होल्ट. आपण मोजतोय १०-१०० मायक्रोव्होल्ट! दोन सारखे इलेक्ट्रोड लावले की दोघांचा हा आकडा एकमेकांतून वजा होतो म्हणून ईईजी दिसतं. पण एक इलेक्ट्रोड जरा सरकला, त्याच्याखालचा आयनांचा थर विस्कटला, आणि त्या दोन लाखांत हजारातला एक भाग जरी फरक पडला, तरी २२० मायक्रोव्होल्टची उडी येते. मेंदूची लहर तिच्याखाली गाडली जाते. म्हणून 'हालचालीचा दोष' हा वेअरेबलचा पहिला शत्रू. जेल इथे गादीचं काम करतं. धातू हलला तरी धातूला टेकलेला द्रवाचा थर फारसा हलत नाही. जेल नको म्हणणाऱ्याने आधी ही गादी कुठून आणणार ते सांगावं.

जागेवर न बसणारी माणसं

१९५७ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे बसू कुमार बागची आणि कॅलिफोर्नियाचे वेंगर हे दोघे ईईजी यंत्र घेऊन भारतात आले आणि काही महिने योगसाधकांच्या नोंदी घेत फिरले. त्यांच्या मुक्कामांत लोणावळ्याचं कैवल्यधामही होतं. यंत्र माणसाकडे गेलं, माणूस यंत्राकडे नाही, म्हणून मी या प्रवासाला आपल्याकडच्या फिरत्या ईईजीची सुरुवात मानतो. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधून आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांचा निबंध आला. त्यात दोन योग्यांनी ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटं हात बुडवून ठेवला, तरी त्यांच्या अल्फा लहरी टिकून राहिल्याचं नोंदवलं आहे.

इलेक्ट्रोडच्या नजरेने पाहा. ध्यानस्थ माणूस म्हणजे स्वप्नातला रुग्ण! डोळे मिटलेले, जबडा सैल, मान स्थिर. तिथे ओला इलेक्ट्रोड उत्तमच चालणार. आज ध्यान शिकवणाऱ्या पट्ट्या बाजारात मिळतात, कपाळावर कोरडे इलेक्ट्रोड असलेल्या. कपाळाखालीच भुवया उचलणारा स्नायू आहे, त्याचे संकेत ईईजीपेक्षा मोठे. माणूस शांत झाला म्हणून आकडा बदलला की कपाळावरची आठी गेली म्हणून, हे वेगळं काढणं सोपं नाही. त्या पट्ट्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांचा डेटा प्रबंधात घेऊ नका.

जागेवर न बसणाऱ्या माणसाची खरी गरज अंतराळवाल्यांना पडली. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ७ यान १४ दिवसांसाठी गेलं. अंतराळवीर फ्रँक बोर्मन यांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवले होते, झोपेची नोंद घेण्यासाठी. सुमारे ५५ तासांनी ते निघाले आणि नोंद संपली. चौदा दिवसांचं उड्डाण, सव्वादोन दिवसांचा डेटा. १९७३ च्या स्कायलॅब मोहिमांत ह्यूस्टनच्या गटाने धडा घेतला : ताणणारी टोपी, तिच्यात आधीच विद्युत-अपघटनी भरलेले इलेक्ट्रोड, अंतराळवीराने स्वतः घालायची. तंत्रज्ञ वर नेता येत नाही ना. माझ्या मते आजच्या टोप्यांची खरी पूर्वज हीच आहे, आणि तिच्यातली नवलाई धातूत नव्हती. 'लावणार कोण?' या प्रश्नात होती.

त्याच काळात, १९६० च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकेच्या हवाई दलासाठी रिचर्डसन आणि लोपेझ यांनी उलटाच विचार केला. हमाली नकोच! ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा निरोधक थर द्यायचा आणि संधारित्रासारखाच संकेत उचलायचा, पेस्टशिवाय. दु ब्वा-रेमों ज्याला दोष म्हणत होते त्यालाच यांनी पद्धत केलं. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात ताहेरी, नाइट आणि स्मिथ यांनी ईईजीसाठी कोरडा इलेक्ट्रोड प्रसिद्ध केला : स्टीलच्या छोट्या चकतीवर सिलिकॉन नायट्राइडचा अतिपातळ थर आणि प्रवर्धक इलेक्ट्रोडच्याच पाठीवर. संकेत तारेत शिरण्याआधीच बळकट केला की तार ५० हर्ट्झची घरगुती वीज कमी पकडते. २००९ च्या सुमारास न्यूरोस्काय आणि इमोटिव्ह यांची उपकरणं सामान्य ग्राहकांपर्यंत आली. एकात कपाळावर कोरडा धातू. दुसऱ्यात? मिठाच्या पाण्यात भिजवलेले नमद्याचे तुकडे. बर्गर यांचं फ्लॅनेल ८० वर्षांनी परत आलं.

म्हणून 'आधी ओले, मग कोरडे, मग लवचिक' अशी सरळ पायऱ्यांची आकृती परीक्षण-लेखांत दिसते ना, ती डोळे झाकून उतरवू नका. ओलं आणि कोरडं सतत शेजारी-शेजारी चालत आलेत.

प्लास्टिक, कापड आणि पऱ्हाटी

मटेरियलवाल्यांचा खरा प्रवेश १९७७ मध्ये झाला. शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी दाखवलं की पॉलिॲसिटिलीन हे प्लास्टिक वीज वाहू शकतं. २००० चं रसायनाचं नोबेल त्याला मिळालं. त्या कुटुंबातलं पेडॉट पुढे बायर कंपनीत तयार झालं. पीएसएस सोबत मिसळलं की ते पाण्यात पसरतं, म्हणून कापडावर देता येतं. छायाचित्रणाच्या फिल्मवर स्थिर वीज साचू नये म्हणून ते वापरलं जायचं, मेंदूचा तिथे काही संबंध नव्हता. पण पेडॉटची खासियत बघा : ते इलेक्ट्रॉनही वाहतं आणि आयनही आत घेतं. म्हणजे हमालांची रांग फक्त फलाटाच्या कडेला नाही, अख्ख्या गोदामात उभी. संपर्कातला रोध त्यामुळे उतरतो.

२००८ मध्ये मिशिगनमध्ये कोतोव्ह यांच्या गटाने सुती धाग्यावर कार्बन नॅनोट्यूब चढवल्या. २०११ मध्ये रॉजर्स यांच्या गटाने गोंदणासारखी त्वचेवर बसणारी सोन्याची नागमोडी जाळी दाखवली. २०१२ मध्ये जपानच्या एनटीटीने रेशमाच्या धाग्यांना पेडॉट-पीएसएस दिलं, आणि २०१४ मध्ये तोरे कंपनीसोबत त्या धर्तीचं कापडही जाहीर केलं.

आणि आता आपलं यवतमाळ. मी सुती कापडावर काम करतो ते गावच्या प्रेमापोटी नाही. निदान फक्त त्यापोटी नाही. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, त्याला हायड्रॉक्सिल गट लगडलेले, म्हणून तो पाणी आणि पेडॉट दोन्ही धरून ठेवतो. पण शेतातून वेचलेला, जिनिंगमधून सरकी काढून आलेला कापूस थेट बुडवा, तो तरंगत राहील. तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, पऱ्हाटीने बोंडातल्या तंतूला दिलेला रेनकोटच तो. आधी कॉस्टिक सोड्यात उकळून मेण काढावं लागतं. मग पेडॉट बसतं. नुसत्या पेडॉट-पीएसएसची वाहकता कमी, त्यात इथिलीन ग्लायकॉल किंवा डीएमएसओ मिसळलं की ती शेकडो पटींनी वाढू शकते. इथवर प्रयोग सुरळीत, आलेखही देखणे येतात. खरा त्रास पुढे. पीएसएस आम्लधर्मी आहे, ते सेल्युलोजला हळूहळू खातं आणि त्वचेलाही झोंबू शकतं. शिवाय ते पाणी पिऊन फुगतं, वाळून आक्रसतं, त्यामुळे धुण्यागणिक थराला तडे जातात. चांदीचा मुलामा दिलेलं नायलॉन बाजारात तयार मिळतं आणि वाहकतेत याच्या पुढे आहे. सुती इलेक्ट्रोडची बाजू मांडायची तर वाहकतेवर मांडू नका, हरलेली बाजू आहे ती. ओलावा धरण्यावर मांडा.

कारण आपल्याकडचं डोकं वेगळं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, कोरडी हवा. उघडं जेल लवकर वाळतं. उलट घाम आला की ईईजीची आधाररेषा संथपणे डुलत राहते, आणि दोन शेजारच्या इलेक्ट्रोडमध्ये घामाचा पूल झाला तर दोघं एकच गोष्ट सांगू लागतात. कोरड्या इलेक्ट्रोडला मात्र थोडा घाम हवाच असतो, तोच त्याचं जेल. म्हणजे वातानुकूलित प्रयोगशाळेतला निकाल आणि घाटंजीच्या बसमधला निकाल हे दोन वेगळे प्रयोग आहेत.

मग केस. ईईजीला येताना डोकं धुऊन, तेल न लावता या, असं रुग्णालयात सांगतात ते उगाच नाही. तेल हा निरोधक. लांब, दाट, तेलाच्या सवयीचे केस हा आपल्याकडे नियम आहे, अपवाद नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात २०२० मध्ये आर्नेल एटिएन आणि पुलकित ग्रोव्हर यांच्या गटाने आफ्रिकी वंशाच्या कुरळ्या केसांसाठी वेण्यांमध्ये अडकणारे इलेक्ट्रोड मांडले. इतकी दशकं चाललेल्या तंत्राने कोणाचं डोकं गृहीत धरलं होतं, हे त्या एका कामाने उघडं पडलं. २०२४ मध्ये टेक्सासच्या नानशू लू यांच्या गटाने केसांतून थेट टाळूवर छापायची पेडॉटची शाई दाखवली, पण ती आखूड केसांवर. आंबाड्यावर कोणी बोललेलं नाही अजून. विषय शोधताय ना?

आता रांगेतले ते तीन प्रश्न सांगतो. कोणाच्या डोक्यावर? किती वेळ? लावणार कोण? आपल्या जिल्ह्यात याचं सगळ्यात ठोस उत्तर अपस्मार, म्हणजे मिरगी, देते. भारतात हे रुग्ण एक कोटीहून अधिक असल्याचा अंदाज आहे. फिट आली की चप्पल किंवा कांदा हुंगवणं अजून सुरू आहे. रुग्णालयातलं नेहमीचं ईईजी २०-३० मिनिटांचं, आणि त्या पहिल्या नोंदीत साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी रुग्णांत अपस्माराची खूण सापडते. नेमकी त्या अर्ध्या तासात खूण दिसलीच पाहिजे असं कुठे आहे? दीर्घ नोंद हवी तर मोठ्या शहरात राहावं लागतं, आणि कास्तकाराच्या घरात हंगाम सोडून चार दिवस कोण राहणार? डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनसारखी शिबिरं ग्रामीण महाराष्ट्रात होतात तिथे रांगा लागतात. अशा ठिकाणी २४ तास डोक्यावर टिकणारी, आशाताईंना किंवा घरच्यांना लावता येणारी टोपी हे खरं मागणं आहे. त्यात वाहकतेचा विक्रम कुणी मागितलेला नाही.

आणि एक इशारा, तोही आपल्याच राज्यातला. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोघांना जन्मठेप दिली, त्यात 'ब्रेन सिग्नेचर' चाचणीचा आधार घेतला होता. निमहान्समध्ये काम केलेले सी. आर. मुकुंदन यांनी ती विकसित केली होती. आरोपी ३२ इलेक्ट्रोडची टोपी घालून बसते, वाक्यं ऐकते, आणि यंत्र सांगतं की हा 'अनुभव' आहे. त्याच वर्षी निमहान्सचे संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ही चाचणी शास्त्रीय कसोटीवर उतरत नसल्याचं म्हटलं, आणि ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या संमतीशिवाय घेणं घटनाविरोधी ठरवलं. इलेक्ट्रोड तिथे कदाचित उत्तम असतील. इलेक्ट्रोड विद्युतदाब देतो, आठवण देत नाही. मधली उडी गणिताची आणि गृहीतकांची असते, आणि तिथे एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता.

शेवटी तुमच्या कामाचं. वेअरेबल ईईजीचा कुठलाही निबंध हातात आला की आधी पद्धतीचा परिच्छेद काढा. किती जणांवर तपासलं? केस किती लांब? इलेक्ट्रोड फक्त कपाळावर होते का? (कपाळावर केस नसतात, तिथे सगळेच इलेक्ट्रोड हुशार.) किती मिनिटं नोंद घेतली, माणूस बसलेला होता की चालत होता, खोलीचं तापमान आणि आर्द्रता दिली आहे का, शेजारी त्याच वेळी चांदीचा जेलवाला इलेक्ट्रोड लावून तुलना केली आहे का, आणि कितीदा धुतलं? मी माझ्या वहीत दर निबंधासमोर या रकाने आखतो. धुण्याचा रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा राहतो.